श्याम ते साने गुरुजी

'श्यामची आई' हे पुस्तक महाराष्ट्रातील असंख्य घरांत वाचले गेले आहे. आजीने ते वाचले, आईने वाचले आणि आज नातवंडेही ते वाचतात. त्यातील श्याम हा कोणी राजपुत्र नाही, की मोठे पराक्रम करणारा वीर नाही. तो कोकणातील एका गरीब घरचा मुलगा आहे. तो भितो, रुसतो, हट्ट करतो, चुकतो. प्रत्येक गोष्टीत त्याच्या हातून काही घडते किंवा त्याच्यासमोर काही घडते. परंतु तेवढ्याने गोष्ट पुरी होत नाही. श्यामच्या मनात काहीतरी पालटते, तेव्हा कोठे ती गोष्ट संपते. आरंभीचा श्याम आणि शेवटचा श्याम यांत थोडे अंतर पडलेले असते. त्या अंतरातच गोष्टीचे सारे मर्म असते.

या गोष्टी लिहिणाऱ्या थोर पुरुषाचे नाव पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखतो. श्यामच्या रूपाने त्यांनी स्वतःचेच बालपण सांगितले आणि त्या बालपणी जे शिकले ते पुढे आयुष्यभर आचरून दाखविले.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे यशोदा. साने घराणे खोताचे. सरकारच्या वतीने गावचा सारा वसूल करण्याचे काम खोताकडे असे व त्यामुळे गावात त्याला मान असे. पण गुरुजी लहान असतानाच या घराचे वैभव ओसरू लागले होते. कर्ज वाढले, भाऊबंदकी झाली, सदाशिवरावांना वडिलोपार्जित घर सोडून साध्या झोपडीत संसार थाटावा लागला. सावकाराचे तगादे सुरू झाले. घरात तेल असे तेव्हा मीठ नसे आणि मीठ असे तेव्हा तेल नसे.

अशा दिवसांत यशोदाबाईंनी घर सांभाळले. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ धन नव्हते, अधिकार नव्हता. मात्र मुलांना वळण कसे लावावे हे त्यांना उपजतच ठाऊक होते. लांबलचक उपदेश त्या करीत नसत. हातातले काम करता करता, भाजी निवडताना, अंगावर पाणी घालताना त्या एखादी गोष्ट बोलून जात आणि ती मुलाच्या मनात रुजून राही. दारिद्र्यातही त्यांनी शेजारीपाजारी आजारी पडलेल्याची विचारपूस सोडली नाही आणि दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ कधी धरला नाही.

पांडुरंगाचे शिक्षण मोठ्या कष्टाने झाले. पालगडची शाळा संपल्यावर तो दापोलीस इंग्रजी शाळेत गेला. घरून खर्च भागेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून तो दूरच्या औंध संस्थानात गेला. तेथे हाताने स्वयंपाक करावा, कधी अर्धपोटी राहावे, पण अभ्यास चुकवू नये, असा त्याचा क्रम होता. औंधास प्लेगची साथ आली व तेथूनही त्याला निघावे लागले. मग तो पुण्यास नूतन मराठी विद्यालयात शिकू लागला.

तो पुण्यात शिकत असतानाच, १९१७ साली, पालगडास त्याची आई आजारी पडली. मुलाच्या अभ्यासात खंड पडू नये म्हणून घरच्यांनी त्याला आजार कळविला नाही. तो घरी पोहोचला तेव्हा आई या जगात नव्हती. जिच्यासाठी शिकावे, मोठे व्हावे, जिला सुखाचे दोन दिवस दाखवावे असे त्याने मनाशी ठरविले होते, तिचे शेवटचे दर्शनही त्याला घडले नाही. हे शल्य त्यांच्या हृदयात जन्मभर राहिले. आईने आपल्याला जे दिले ते सांगून टाकल्यावाचून त्यांना चैन पडणार नव्हते. मात्र ते सांगण्याची वेळ यावयास आणखी सोळा वर्षे जायची होती.

आईच्या मृत्यूनंतरही त्यांनी शिक्षण सोडले नाही. बी.ए. व नंतर तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम.ए. अशा पदव्या मिळवून ते खानदेशात अमळनेरला गेले. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास केल्यावर १९२४ साली ते तेथल्याच शाळेत शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. येथेच पांडुरंग साने हे मुलांचे साने गुरुजी झाले.

शाळेच्या छात्रालयाची देखरेख त्यांच्याकडे आली. खेडोपाडीची मुले तेथे राहत. कोणी अंथरुण तसेच टाकून शाळेत जाई, कोणी खोली झाडीत नसे, कोणाचे कपडे मळकट पडलेले असत. दुसरा एखादा अधीक्षक असता तर त्याने दंड केला असता, छडी उगारली असती. गुरुजींनी यांपैकी काहीच केले नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणांच्या नीट घड्या घालीत, मळके कपडे धुऊन वाळत टाकीत. मुले परत येत तो खोली लख्ख झालेली. हे कोणी केले याचा शोध लागला तेव्हा मुलांना लाज वाटली. आपल्या गुरुजींनी आपले कपडे धुवावेत हे त्यांना कसे पाहवेल? हळूहळू ती आपली कामे आपण करू लागली. त्यांना कोणी रागे भरले नव्हते. त्यांचे मनच आतून बदलले होते.

मुलांसाठी गुरुजी एक हस्तलिखित दैनिक चालवीत. दिवसभर शिकवावे, मुलांचे पाहावे आणि रात्री जागून दुसऱ्या दिवसाचा अंक हाताने लिहून काढावा, असा त्यांचा परिपाठ होता. त्यात थोरांची चरित्रे असत, देशोदेशींच्या वार्ता असत, आणि गोष्टी तर असतच. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक सुरू केले. मुलांशी बोलण्याची त्यांची भाषा या काळात घडली. ती भाषा साधी, आर्जवी आणि थेट हृदयाला भिडणारी होती.

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला. सारा देश खवळून उठला. गुरुजींनी शाळेचा व आपल्या लाडक्या मुलांचा निरोप घेतला आणि ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. तेव्हापासून तुरुंग हे त्यांचे दुसरे घर झाले. दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही त्यांना भेटले. भाषा वेगळ्या असल्या तरी माणसांची मने एकच आहेत, हे त्यांनी तेथे अनुभवले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. ती प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज उपलब्ध आहे.

यानंतर नाशिकचा तुरुंग आला. फेब्रुवारी १९३३ चे दिवस होते. आईच्या आठवणींनी गुरुजींचे मन भरून आले होते. दिवसा नेमून दिलेले काम करावयाचे आणि उरलेल्या वेळात लिहावयाचे, असे करून ९ फेब्रुवारीपासून १३ फेब्रुवारीपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. आईला जाऊन सोळा वर्षे होत आली होती. अंतःकरणात साठलेले सारे पाणी बांध फुटल्यासारखे वाहू लागले.

पुस्तकाची रचना मोठी साधी आहे. एका आश्रमात श्याम आपल्या मित्रांसह राहतो. सायंकाळची प्रार्थना झाली की मित्र त्याच्याभोवती जमतात आणि तो आईची एक आठवण सांगतो. एक रात्र, एक गोष्ट. अशा बेचाळीस रात्री या पुस्तकात आहेत. गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे आणि गोष्टीतला श्याम लहान आहे. मोठा श्याम लहान श्यामचे अपराध झाकीत नाही. मी किती शहाणा होतो असे तो सांगत नाही. मी कसा चुकलो आणि आईने मला कसे सावरले, हे तो सांगतो.

पोहण्याची गोष्ट घ्यावी. गावची मुले विहिरीत पोहायला शिकत, पण श्यामला पाण्याची भीती वाटे. मुले बोलवायला येणार हे कळताच तो घरातच दडून बसला. आईने त्याला शोधून काढले व शिंपटीने मारीत विहिरीकडे पिटाळले. श्याम पाण्यात पडला, धडपडला, तरला. येथे प्रसंग संपला; गोष्ट मात्र अजून संपली नव्हती. घरी आल्यावर तो रुसला होता. आई निर्दय आहे असे त्याला वाटत होते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून आईचे डोळे भरून आले. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नव्हते, म्हणून ती कठोर झाली होती. हे श्यामला उमगले, त्याचा राग विरघळला. तो पोहायला शिकला ही तर वरवरची गोष्ट झाली. आईचे मारणे आणि आईची माया ही दोन नाहीत, हे त्याला कळले, हा त्या गोष्टीचा खरा शेवट होय.

दुसरी गोष्ट अगदी लहान आहे. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईजवळ हट्ट धरतो. तिने आपल्या लुगड्याचे ओचे दगडावर पसरावे, म्हणजे त्यावर पाय टेकून त्याला जाता येईल. आई मुलाची हौस पुरवते. पण नंतर ती त्याला सुचवते की, पायांना घाण लागू नये म्हणून तो जसा जपतो तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही त्याने जपावे. बस्स, एवढेच. एक वाक्य आणि गोष्ट संपते. आरंभी जो हट्टी मुलगा केवळ आपल्या तळव्यांचा विचार करीत होता, तो शेवटी आपल्या मनाकडे पाहू लागतो.

काही वेळा बदल श्यामच्या वागण्यात नसतो, त्याच्या दृष्टीत असतो. 'अळणी भाजी' या गोष्टीत वडील जेवावयास बसलेले असतात. आईने केलेल्या भाजीत मीठ पडलेले नसते. वडील काही न बोलता ती भाजी आवडीने खातात आणि त्यांच्याकडे पाहून श्यामही मुकाट्याने खातो. सर्वांची जेवणे आटोपून आई स्वतः पानावर बसते, पहिला घास घेते, तेव्हा तिला चूक कळते. भाजीत मीठ नव्हते हे तिला शेवटी समजले. परंतु वाचणाऱ्याला त्याहून मोठे काही समजते. दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या कष्टांचा मान राखण्यासाठी जिभेला आवरावे लागते, आणि मोठेपणा मोठ्या प्रसंगांतच दिसतो असे नाही. ताटातल्या भाजीपुरताही तो दिसतो. अबोल वाटणाऱ्या वडिलांचे अंतःकरण त्या शेवटाने उघडे केले.

या गोष्टींचा आणखी एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एका रात्रीत श्याम सद्‌गुणांचा पुतळा होत नाही. आज तो एक गोष्ट शिकतो आणि पुढच्या एखाद्या रात्री दुसरीकडे चुकतो. कधी तो उतावळेपणाने उमलण्याआधीच कळ्या तोडून आणतो, कधी पत्रावळ लावता येत नाही म्हणून कुरकुरतो, तर कधी पुस्तकांच्या लोभाने दुसऱ्याचे पैसेही चोरतो. प्रत्येक वेळी आई त्याला एकच पायरी वर चढविते. माणसाचे मन असेच हळूहळू बदलते, म्हणून श्यामचा बदल खोटा वाटत नाही. पाषाणाचा देव एका घावात घडत नाही. त्याला अनेक घाव सोसावे लागतात.

जगातील थोर कथांमध्येही गुरुजींना अशीच माणसे आवडत. मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या 'गोड गोष्टी' प्रसिद्ध आहेत. त्यांतील 'मनूबाबा' ही गोष्ट त्यांनी जॉर्ज इलियट या नावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवरून घेतली. मूळ कादंबरी १८६१ सालची. तिच्यात एक विणकर आहे. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. तो माणसांना विटतो व एकटा राहू लागतो. मोहरा साठवाव्या आणि रात्री त्या मोजीत बसावे, एवढाच त्याचा आनंद. एके दिवशी त्या मोहरा चोरीस जातात आणि पुढे एक पोरके बालक त्याच्या दारी येते. पुष्कळ वर्षांनी मोहरा परत सापडतात. पण तोपर्यंत तो विणकर बदललेला असतो. त्या मुलीच्या मायेपुढे त्याला सोन्याची मातब्बरी वाटत नाही. धन तेच आहे, मनुष्यही तोच आहे; पण त्या धनाकडे पाहणारे डोळे निराळे झाले आहेत. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगावी असे गुरुजींना वाटले, यात नवल नाही.

मात्र केवळ कथा लिहून थांबणारे गुरुजी नव्हते. त्यांच्या बालपणीची एक गोष्ट पुस्तकात संपली, तरी त्यांच्या जीवनात ती संपली नव्हती. ती गोष्ट मोळीची होय.

लहान श्यामला एके दिवशी वाटेत एक वृद्ध स्त्री दिसली. त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानीत त्यांपैकी ती होती. तिच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडली होती. ती उचलून डोक्यावर ठेवायला कोणाचा तरी हात हवा होता, पण तिला शिवायला कोणी तयार नव्हते. श्यामने घरी येऊन हे आईला सांगितले. आईने त्याला परत पाठविले, म्हातारीला मोळी उचलून द्यावयास सांगितले आणि आल्यावर आंघोळ करावी असेही बजावले. लोक काय म्हणतील याचे भय श्यामला वाटत होते. तरी तो गेला आणि त्याने मोळी उचलून दिली.

यशोदाबाई जुन्या काळातील स्त्री होत्या. त्यांचे हृदय त्या म्हातारीपर्यंत पोहोचले होते, पण रूढीचे बंधन अजून पुरते सुटले नव्हते. म्हणून त्यांनी आंघोळीचीही आज्ञा केली. गुरुजींनी ती लपविली नाही. जसे घडले तसेच लिहिले. आईने उचललेले पाऊल पुढे नेणे हे मुलाचे काम होते. दया करावी आणि मग अंग धुऊन टाकावे, एवढ्याने त्या मुलाचे समाधान होणार नव्हते.

पंढरपूर हे महाराष्ट्राचे आराध्य दैवत असलेल्या विठोबाचे क्षेत्र. दर वर्षी आषाढीला देहू व आळंदी येथून संतांच्या पालख्या पंढरीस जातात. तुकोबांची पालखी आकुर्डी, पिंपरी अशा गावांवरून पुण्यास येते व पुढची वाट चालू लागते. वारकऱ्यांच्या या मेळ्यात सर्व जातींची माणसे असत. सारे एकमेकांच्या पाया पडत, सारे एकच नाम घेत. तरीही पंढरपुरास पोहोचल्यावर अस्पृश्य मानलेल्या भाविकांना मंदिरात पाऊल टाकता येत नसे. चौदाव्या शतकात संत चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांची समाधीही तेथेच आहे. सहाशे वर्षे उलटली तरी त्यांच्या समाजासाठी ते दार उघडले नव्हते. गुरुजींचे स्वतःचे नाव पांडुरंग. ज्याचे नाव आपण धारण केले त्याच्या दारातून आपली भावंडे परत फिरतात, ही गोष्ट त्यांना असह्य झाली.

देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. अशा वेळी हे मंदिर सर्वांना खुले झाले नाही तर आपण प्राणांतिक उपोषण करू, असे गुरुजींनी जाहीर केले. मित्रांच्या सल्ल्यावरून त्यांनी आधी काही महिने सारा महाराष्ट्र पालथा घातला. सेवादलाची तरुण मुले-मुली त्यांच्याबरोबर होती. गावोगाव सभा झाल्या, गाणी झाली, विनवण्या झाल्या. कित्येक गावांनी आपली देवळे आणि पाणवठे सर्वांसाठी मोकळे केले. मात्र पंढरपूरचे दार बंदच राहिले.

१ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ज्यांना ते पूज्य मानीत त्या गांधीजींपर्यंत अपुरी माहिती पोहोचली होती. उपोषण सोडावे असा त्यांचाच निरोप आला. गुरुजींच्या मनाला मोठी यातना झाली. एकीकडे गुरुस्थानी असलेल्या महात्म्याचा शब्द, दुसरीकडे अंतःकरणाचा आदेश. त्यांनी नम्रपणे आपली बाजू कळविली आणि उपोषण चालू ठेवले. शरीर क्षीण होत चालले. त्यांनी कोणाला शिव्याशाप दिले नाहीत की विरोध करणाऱ्यांचा द्वेष केला नाही. अमळनेरच्या छात्रालयात जे त्यांनी केले होते तेच येथे मोठ्या प्रमाणावर चालले होते. स्वतः कष्ट सोसावेत आणि दुसऱ्याच्या हृदयातील चांगुलपणा जागा होण्याची वाट पाहावी, हा त्यांचा मार्ग होता. दहा दिवसांनंतर मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि गुरुजींचे उपोषण सुटले. पुढे ते दार उघडले. कोकणातील एका वाटेवर मोळी उचलून देताना जी गोष्ट सुरू झाली होती, ती चंद्रभागेच्या तीरावर खऱ्या अर्थाने पुरी झाली.

ज्या मुलाने लोक काय म्हणतील या भीतीने पाऊल मागे घेऊ पाहिले, तोच पुढे साऱ्या महाराष्ट्रासमोर प्राण पणाला लावून उभा राहिला. जो पाण्याला भिऊन लपला होता, तो मृत्यूलाही भ्याला नाही. बालपणीचा श्याम आणि पंढरपूरचे गुरुजी यांच्यामध्ये हे एवढे अंतर होते. ते अंतर एका उडीत तोडलेले नव्हते. आईने शिकविलेली एकेक पायरी चढत ते तेथवर आले होते.

स्वातंत्र्य मिळाले, पण गुरुजींच्या वाट्याला विश्रांती आली नाही. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. एका महाराष्ट्रीयाच्या हातून हे घडले म्हणून प्रायश्चित्त घेण्यासाठी गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे व मनाने जवळ यावे, यासाठी त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात जे बीज पडले होते त्याला हा अंकुर फुटला होता. परंतु देशातील द्वेष, विषमता आणि स्वार्थ पाहून त्यांचे कोमल मन व्यथित होत असे. ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

त्यांच्या मागे त्यांचा श्याम उरला. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' या पुस्तकावर चित्रपट काढला. भारत सरकारने चित्रपटांना पारितोषिके देण्यास आरंभ केला तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. ज्या आईला पालगडबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते, तिला सारा देश ओळखू लागला.

आईच्या हयातीत पांडुरंगाला तिच्यासाठी काही करता आले नाही. तिने घडविलेला मुलगा शिक्षक झाला, लेखक झाला, दीनदुबळ्यांचा कैवारी झाला. यांतले काहीच तिला पाहता आले नाही. पुस्तकाच्या अखेरीसही श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई नसते. तिच्या देहाची राख मात्र असते. इतर सर्व गोष्टींच्या शेवटी श्यामला जवळ घ्यायला आई होती. या शेवटी ती नाही. आता कोणी हाताला धरून विहिरीकडे नेणार नाही, कोणी चूक दाखवून डोळे पुसणार नाही. आई जे बाहेरून सांगत होती ते यापुढे श्यामला आतून ऐकावे लागणार होते. तो ते ऐकू शकला, म्हणून तर तुरुंगाच्या भिंतीआड बसून त्याला या गोष्टी लिहिता आल्या.

चांगली गोष्ट वाचून पुस्तक मिटले तरी ती मनात चालू राहते. श्याम कोठे होता आणि शेवटी कोठे पोहोचला हे जो नीट पाहील, त्याला आपणही कोठे आहोत आणि कोठे जायचे आहे, याचा विचार सुचल्यावाचून राहणार नाही. साने गुरुजींनी आपल्या चुका मोकळेपणाने सांगितल्या त्या एवढ्याचसाठी. त्यांच्या गोष्टी वाचून एखाद्या मुलाने वाटेवरच्या वृद्धेचे ओझे उचलले, ताटातल्या भाजीला नावे ठेवण्यापूर्वी ती करणाऱ्या हातांची आठवण ठेवली, तर श्यामच्या आईची ती शिकवण आणखी एका घरात पोहोचली असे म्हणता येईल.